बाकी येणे

एका टॅक्सिडर्मिस्टच्या, म्हणजे मेलेल्या प्राण्याचं कातडं चढवून तो जिवंत भासेल असा घडवणाऱ्या कारागिराच्या, कामाच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर, हरणाचं एक मुंडकं आहे. छातीपर्यंतचं, मान किंचित डावीकडे वळवलेली, कान पुढे. काम चोख झालंय. नाकपुड्यांच्या आतला ओलसर वाटणारा रंग, पापणीची काळी कड, हनुवटीखालचा पांढरा केस न् केस जागच्या जागी. फक्त उजव्या शिंगाच्या मुळाशी तारेनं बांधलेला जाड कागदाचा बिल्ला अजून तसाच लोंबतोय. त्यावर एक नंबर आणि नंबराखाली पेन्सिलीनं दोन शब्द: ‘बाकी येणे’. पावतीपुस्तकात त्या नंबराचं पान उघडलं की कळतं, अर्धे पैसे आले, काम झालं, तीनदा निरोप गेला, आणि पाच वर्षांत न्यायला कुणी आलं नाही. सकाळी धूळ झटकताना त्याच्याही काचेच्या डोळ्यांवरून फडकं फिरतं, कारण नवं गिऱ्हाईक आलं की नमुना म्हणून त्याच्याकडेच बोट दाखवलं जातं.

तो बिल्ला डोक्यातून जात नाही. अर्धे पैसे दिलेल्या वस्तूचा मालक कोण? कायद्याचं उत्तर सरळ आहे. कातडं आणि शिंगं शिकाऱ्याची, ती शेवटपर्यंत त्याचीच. कारागिराला फक्त धारणाधिकार, म्हणजे मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क. पण त्या भिंतीसमोर उभं राहिलं की हे उत्तर अपुरं वाटतं. शिकाऱ्यानं दिलं होतं एक ओलं, रक्ताळलेलं, नासायच्या बेतात असलेलं कातडं. भिंतीवर आहे ते कुणी दिलं नव्हतं, ते तिथेच घडलं. आणि घडवायला जे पैसे लागले ते तर कधीच खर्च होऊन गेले.

मराठीत आगाऊ पैशाला निदान तीन नावं आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा. विसार म्हणजे व्यवहार पक्का केल्याची खूण. देणारा फिरला तर पैसे बुडाले, घेणारा फिरला तर शब्द गेला. बयाणा त्याचाच भाऊ, जरा बाजारात वावरणारा. उचल मात्र निराळी. अजून न केलेल्या कष्टांवर आज उचललेले पैसे म्हणजे उचल, आणि ती फेडायची अंगमेहनतीनं. शिकारी टॅक्सिडर्मिस्टच्या हातात अर्धी रक्कम ठेवतो तेव्हा देणाऱ्याच्या मनात तो विसार असतो. घेणाऱ्याच्या हातात पडताच त्याची उचल होते. या धंद्यातली बहुतेक भांडणं उकलत गेलं तर तळाशी हा एवढाच घोळ सापडतो. एक म्हणतो, मी माझी जागा राखून ठेवली. दुसऱ्यानं ते पैसे कातडं कमावणाऱ्याला देऊनही टाकलेले असतात.

आपण अजून ‘पेंढा भरणं’ म्हणतो. पेंढा आता कुणी भरत नाही. पूर्वी खरोखरच भरत. कातड्याची पिशवी शिवायची, आत गवत, लोकर, चिंध्या कोंबायच्या, आणि बाहेर पडायचा तो फुगलेल्या गालांचा, कुठेच न बघणारा प्राणी. कार्ल एकले (१८६४–१९२६) या अमेरिकन माणसानं प्राण्याचे स्नायू आधी मातीत कोरून, त्या मातीचा साचा घेऊन, त्यातून हलका पोकळ देह काढून त्यावर कातडं चढवायची रीत नावारूपाला आणली. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातलं त्याच्या नावाचं आफ्रिकन दालन त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९३६ साली उघडलं. मैसूरच्या व्हॅन इंगेन कारखान्यात वाघ-बिबट्यांच्या देहांचे साचे ठरावीक मापांत तयार असत आणि त्यातून कागदी लगद्याचे देह निघत. १९०० च्या सुमारास सुरू झालेला तो कारखाना १९९९ ला बंद झाला. आज लगद्याची जागा पॉलियुरेथेनच्या फोमनं घेतली आहे. कॅटलॉगमधून देह मागवायचा, त्याला धंद्यात नुसतं ‘फॉर्म’ म्हणतात. डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंत एक माप, कानांच्या मागे मानेचा घेर हे दुसरं. मग मान सरळ की वाकलेली, उजवीकडे की डावीकडे.

हे फॉर्मचं प्रकरण पैशाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे, कारण तो लगेच मागवता येत नाही. कमावून आलेलं कातडं किती ताणलं जातं, मानेला किती सैल राहतं, हे हातात धरून बघितल्यावरच नेमकं माप ठरतं. आधी घाईनं मागवलेला फॉर्म नंतर मोठा निघाला तर तासून लहान करता येतो, पण तासताना स्नायूंची रेघ जाते. लहान निघाला तर मातीनं भरत बसावं लागतं. म्हणून जाणता माणूस थांबतो. म्हणजे आज घेतलेल्या विसारातला फॉर्मपुरता हिस्सा कित्येक महिने न शिवता बाजूला राहिला पाहिजे. राहतो का, हा पुढचा प्रश्न.

त्याआधी कातड्याची गोष्ट. विसार देताना शिकारी समजतो की आता जबाबदारी कारागिरावर गेली. खरं तर बहुतेक कातड्यांचं नशीब दुकानाच्या दारात येण्यापूर्वीच ठरलेलं असतं, प्राणी पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत. ऊब आणि ओल मिळाली की जिवाणू केसांच्या मुळाशी काम सुरू करतात, वरची पातळ त्वचा सुटते आणि तिच्याबरोबर केस. धंद्यात याला ‘स्लिप’ म्हणतात. कान, ओठ, पापण्या आणि पोट इथून ती सुरू होते. गरम कातडं घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं आणि ती पिशवी फ्रीझरमध्ये टाकली, तर बाहेरचा थर गोठतो आणि घडीचा मध्य कित्येक तास कोमट राहतो. शिकाऱ्याला वाटतं, आपण लगेच थंड केलं. कुणी मीठ लावून मग फ्रीझरमध्ये ठेवतो, ते तर आणखी वाईट, कारण खारवलेलं कातडं धड गोठतही नाही आणि धड वाळतही नाही. दोन्हींतलं एकच करावं.

खारवायचं तर चेहरा पूर्ण सोडवून, कानांचं कातडं कूर्चेपासून उलटं काढून, ओठ आणि पापण्या आतून चिरून, राहिलेलं मांस आणि चरबी खरवडून मगच. न उलटलेला कान म्हणजे बंद डबा, आत मीठ पोचत नाही. मीठ बारीक, बिनआयोडिनचं, आणि कातड्याच्या वजनाइतकं. पाचशे ग्रॅमची पुडी फोडून वरवर भुरभुरवणाऱ्यांची कातडी लगेच ओळखू येतात. कातडं उतरत्या पृष्ठभागावर पसरायचं, म्हणजे सुटलेलं पाणी वाहून जाईल. चोवीस तासांनी ओलं झालेलं मीठ झटकून टाकायचं आणि दुसऱ्यांदा तितकंच ताजं चोळायचं. पहिलं मीठ पुन्हा वापरायचं नाही, त्यात जिवाणू उतरलेले असतात. छेदाची चूक त्याहून साधी आणि त्याहून न भरून येणारी. छातीपर्यंतच्या माउंटसाठी, म्हणजे भिंतीवर लावायच्या तयार प्राण्यासाठी, गोल छेद पुढच्या पायांच्या बराच मागून, बरगड्यांच्या मध्यावरून घ्यावा लागतो. लोक खांद्यावरच कापतात, किंवा सवयीनं गळा चिरतात. तोकडं पडलेलं कातडं ओढून लांब होत नाही, आणि गळ्यावरची शिवण भिंतीवर लावल्यावर नेमकी बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येते.

म्हणून चांगला कारागीर पैसे मोजण्याआधी कातडं उलगडतो. बर्फाचा गोळा असेल तर वितळेपर्यंत थांबा म्हणतो. नाकाजवळ नेऊन वास घेतो, पोटाच्या कडेला हिरवट झाक आहे का बघतो, कानाच्या काठाचे चार केस चिमटीत धरून हलकेच ओढतो. केस हातात आले तर विसार घ्यायचा नाही, निदान तसा लेखी उल्लेख केल्याशिवाय नाही. पण गंमत अशी की स्लिप कधीकधी तेव्हा दिसतच नाही. मुळं सुटलेली असतात, केस नुसते टेकून उभे असतात, आणि कमावण्याच्या द्रावणात गेल्यावर टक्कल उघडं पडतं. द्रावणानं ते केलेलं नसतं, फक्त दाखवलेलं असतं. ही गोष्ट गिऱ्हाइकाला पटवणं अवघड. त्यानं केसाळ कातडं दिलं होतं, त्याच्या डोळ्यांदेखत.

आता त्या अर्ध्या पैशांचा माग काढू. सगळ्या कामाची किंमत शंभर धरू आणि विसार पन्नास. निम्मे आधी, निम्मे नेताना ही रीत सर्वांत जास्त दिसते. त्या पन्नासांतले समजा पंधरा कातडं कमावण्यात आणि पाठवणी-आणवणीत जातात. बारा फॉर्मला. काचेचे डोळे, कानांत बसवायचे प्लॅस्टिकचे पातळ कान, माती, चिकटवायची खळ, इपॉक्सी, रंग, दोरा, मागचा लाकडी पाट, मिळून आठ. झाले पस्तीस. उरलेल्या पंधरांत फ्रीझरची वीज, भाडं आणि घरखर्च. दहा-पंधरा तासांच्या हातकामाची खरी मजुरी त्या शेवटच्या पन्नासांत दडलेली असते, जे आज दिसतही नाहीत. आकडे दुकानागणिक बदलतील; चढउताराचा आकार फारसा बदलत नाही.

मेख वेळेत आहे. शिकारीचा हंगाम काही आठवड्यांचा, काम वर्षभराचं. त्या आठवड्यांत दारात रांग लागते, फ्रीझर भरतात, बिल्ले संपतात, आणि गल्ल्यात एकदम पैसा येतो. ऐंशी कातडी आली तर ऐंशी गुणिले पन्नास, चार हजार. इतका पैसा त्या खोलीत वर्षभरात पुन्हा एकत्र दिसत नाही. तो कमाईसारखा दिसतो. हिशेबवहीच्या नियमाप्रमाणे तो देण्याच्या बाजूला लिहायचा, माल हवाली होईपर्यंत ते कर्जच. पण वहीत कुठे लिहिलंय हे गल्ल्यातल्या नोटांना ठाऊक नसतं. फाटकं छप्पर असतं, थकलेलं भाडं असतं, नवा कंप्रेसर हवा असतो.

चारेक महिन्यांनी कमावणाऱ्याचं बिल येतं, आणि पैसे नसतात.

इथून पुढचा घसरगुंडीचा मार्ग इतका ठराविक आहे की दुकानं बदलली तरी तो बदलत नाही. बिल भरलं नाही की कमावलेली कातडी अडकतात. कमावणाऱ्यालाही धारणाधिकार आहेच. कातडी नाहीत म्हणून फॉर्म नाहीत, फॉर्म नाहीत म्हणून माउंट नाहीत, माउंट नाहीत म्हणून बाकीचे पन्नास कुणी देत नाही. मग पुढचा हंगाम येतो. नवे चार हजार हातात येतात, त्यातले अठ्ठावीसशे गेल्या वर्षीच्या ऐंशी मुंडक्यांच्या सामानाला घालावे लागतात. नवी ऐंशी कातडी बाराशेच्या भरवशावर फ्रीझरमध्ये पडतात. कारागीर चोर नसतो. तो रात्री बारापर्यंत जागून मागच्या वर्षीचं काम उरकत असतो, आणि जितकं जास्त उरकतो तितका या वर्षीच्या गिऱ्हाइकाचा पैसा मागच्या वर्षीच्या हरणात घालत असतो. एखाद्या वर्षी हंगाम पडला, किंवा पाठीचा मणका सरकला, की खालची पायरी निसटते. ‘पुढच्या महिन्यात या’ हे वाक्य पहिल्यांदा खरं असतं. दुसऱ्यांदा ती आशा असते. त्यानंतर फोन उचलला जात नाही. अशा बंद दारासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला अर्ध्या पैशांपेक्षा शिंगांची काळजी जास्त असते, आणि त्याचं बरोबर आहे. पैसे पुन्हा मिळवता येतात.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, म्हणूनच फारसा कुणी करत नाही. विसाराचं खातं वेगळं. कमावण्याचा हिस्सा पावती फाडली त्याच दिवशी बाजूला. शक्य असेल तर कातड्याबरोबरच कमावणाऱ्याकडे आगाऊ रवाना. फॉर्मचा हिस्सा कातडं परत येईपर्यंत मेलेला समजायचा. आणि वर्षभरात आपल्या हातून किती मुंडकी होतात हे प्रामाणिकपणे मोजून त्यापुढचं कातडं परत पाठवायचं. शेवटचं सगळ्यांत जड जातं. समोर माणूस नोटा मोजत असताना ‘या वर्षी नाही’ म्हणायला जी छाती लागते ती उधारीवर चालणाऱ्या दुकानात नसते.

गिऱ्हाइकाच्या बाजूनं पन्नासाचा आकडा बरा का, यावरही थोडं. काही जण तिसरा हिस्सा घेतात. मग सामानाचे पैसे कारागिराच्या खिशातून जातात आणि प्राणी कुणी नेलाच नाही तर तो सपशेल बुडतो. काही जण सगळी रक्कम आधी भरली तर सूट देतात. ती सूट घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. नेताना द्यायचे पन्नास ही शिकाऱ्याच्या हातातली एकमेव दोरी, ती सूट म्हणून विकून टाकायची नसते. पूर्ण पैसे मिळालेलं काम आपसूक मागे पडतं. यात बेइमानी असते असं नाही, ज्या मुंडक्याचे अर्धे पैसे यायचे बाकी आहेत ते पुरं केलं की घरात धान्य येतं, इतकं ते साधं असतं. ज्या दुकानात हंगामाबाहेर अचानक ‘सगळे आत्ताच भरा, वीस टक्के कमी करतो’ अशी गळ घातली जाते, तिथे कमावणाऱ्याचं बिल थकलेलं असण्याची शक्यता बरीच.

पावतीवर काय असावं? तारीख, नाव, प्राणी, शिकारीच्या परवान्याचा किंवा टॅगचा नंबर, एकूण किंमत, मिळालेले, येणे. हे सगळेच लिहितात. जे लिहीत नाहीत तेच पुढे नडतं. मान कुठे वळवायची हे तोंडी ठरतं, आणि वर्षानं दोघांनाही वेगळं आठवतं. घरात ते मुंडकं दाराच्या उजव्या भिंतीला लागणार असेल आणि मान बाहेरच्या कोपऱ्याकडे वळलेली निघाली, तर प्राणी जन्मभर भिंतीकडे तोंड करून राहतो. कातडं खराब निघालं तर विसारातून काय वजा होणार आणि काय परत मिळणार, तेही लिहून घ्यावं. कमावायला गेल्यानंतर रद्द केलं तर तो खर्च परत मिळत नाही, हे योग्यच आहे, पण ते आधी वाचायला मिळालं पाहिजे. तयार झाल्याचं कळवल्यावर किती दिवसांत न्यायचं, नंतर ठेवणावळ किती, आणि किती महिन्यांनी ते टाकून दिलेलं समजायचं. ही शेवटची ओळ लिहिताना दोघेही हसतात. माझं हरीण मी टाकून देईन होय?

तुमचे पैसे आणि कातडं गेल्यानंतर वर्षभर नक्की काय चालतं याची गिऱ्हाइकाला फारशी कल्पना नसते. वाळलेलं कातडं पाण्यात भिजून मऊ होतं, मग आम्लाच्या द्रावणात जातं. लिटरला साधारण १२० ग्रॅम मीठ आणि पीएच दोनच्या खाली. मीठ कमी पडलं तर आम्लानं कातडं जेलीसारखं फुगतं. किमान तीन दिवस. मग यंत्राच्या फिरत्या पात्यावर आतून तासून पातळ करायचं. इथे हात जरा जड पडला तर भोक, हलका पडला तर चेहऱ्यावर जाड गोळा राहतो आणि डोळ्याभोवतीची नाजूक घडी बसत नाही. परत द्रावण, मग खायच्या सोड्यानं आम्ल मारायचं, मग कमावणी, तेल, आणि भुश्शाच्या पिंपात घोळवणं. पिंपातून निघालेल्या कातड्याला मऊ चादरीसारखा पोत येतो आणि वास ओल्या लाकडाचा. काही जण एवढं करतच नाहीत. कच्चं कातडं पातळ करून आतून टाकणखाराची पूड चोळून सरळ फॉर्मवर चढवतात. स्वस्त पडतं, लवकर होतं, पण कच्चं कातडं वाळताना जास्त आकसतं. दोन्ही माउंट पहिल्या महिन्यात सारखेच दिसतात, म्हणून विसार देण्याआधी कातडं कुठे कमावणार हे विचारावं, आणि दुकानातला ताजा नग न बघता दोन-तीन वर्षं जुना नग बघावा. डोळ्याच्या कोपऱ्यात भेग आहे का, कानाची कड सुरकुतून वळली आहे का. मानेच्या खोलगट भागावर बोटानं हलकेच टकटक करावं. भरीव आवाज आला तर कातडं फॉर्मला धरून आहे. डफासारखा पोकळ आवाज आला तर ते आकसून सुटलंय, मध्ये हवा आहे. धंद्यातही त्याला ‘ड्रमिंग’च म्हणतात.

माउंट चढवण्याचा दिवस मात्र देखणा असतो. फॉर्म खरखरीत कागदानं घासलेला, म्हणजे खळ धरेल. शिंगांसकट कापलेली कवटीची चकती स्क्रूनं डोक्यावर आवळलेली. मातीच्या गादीत साधारण तीस मिलिमीटरचे काचेचे डोळे, आणि हरणाची बाहुली आडवी असल्यामुळे ती मान कशीही असली तरी जमिनीला समांतर; ती चार अंशांनी तिरकी झाली तर बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण प्राणी वेडसर दिसतो. मग खळ माखलेलं ओलं कातडं वरून ओढायचं, मानेमागची शिवण घालायची, आणि ओठ, पापण्या, नाकपुड्यांच्या कडा हत्यारानं खाचांत सारायच्या. पुढे दोन ते चार आठवडे वाळणं. रोज सकाळी बघायचं, उचललेली कड टाचणीनं परत दाबायची. हंगामाच्या तोंडावर पैशाची निकड असली की कापले जातात ते हेच आठवडे. आतून ओल असतानाच नाकाला रंग मारला जातो, माल जातो, बाकी येते, आणि दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या भिंतीवर पापणी काचेपासून सुटते. चकचकीत रंग एका बाजूला, काच एका बाजूला, मध्ये केसाएवढी काळी फट.

आणि कातडं द्रावणात टकलं झालं तर? तेव्हा दुसऱ्या प्राण्याचं कातडं विकत घेऊन तुमची शिंगं त्यावर बसवतात. हे सर्रास होतं, लपवलं नाही तर त्यात गैरही नाही, फक्त त्या कातड्याचे पैसे कुणी द्यायचे यावर पावती बोलली पाहिजे. पण मन थोडं अडखळतं. नाकाची ओल इपॉक्सी आणि लाखेची, डोळे काचेचे, कान आतून प्लॅस्टिकचे, स्नायू फोमचे, आणि आता कातडंही परक्याचं. माशांच्या बाबतीत तर पुढची पायरी गाठली आहे. लांबी, घेर आणि दोन चांगले फोटो दिले की फायबरग्लासची हुबेहूब प्रतिकृती मिळते, मासा पाण्यात सोडून दिला तरी चालतो. तिथेही विसार लागतो. खऱ्या कातड्याच्या माशातून वर्षांनंतर तेल पाझरून पिवळे डाग पडतात, प्रतिकृतीत पडत नाहीत. कुणी सांगितलं नाही तर फरक कळायचा नाही, आणि प्राण्याचा एक कणही नसलेली ती वस्तू भिंतीवर अधिक जिवंत दिसते. याचं काय करायचं मला कळत नाही.

परदेशातून आणलेल्या प्राण्याचा विसार एक नसतो, त्याची साखळी असते. तिकडे कातडं जंतुनाशकात बुडवून बांधून देणारा वेगळा, वाहतूक करणारा वेगळा, इकडचा कारागीर वेगळा. दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारावर लगाम घालणाऱ्या १९७३ च्या साइट्स करारानुसार त्याच्या यादीतल्या प्राण्यांना परवाने लागतात, आणि एका परवान्यावरचा नंबर बिल्ल्यावरच्या नंबराशी जुळला नाही तर पेटी सरकारी गोदामात अडकते. प्रत्येक विसार आपापल्या जागी खर्च झालेला असतो. परत मागायला जावं तर प्रत्येकाकडे काम केल्याची पावती असते, आणि प्राणी कुणाकडेच नसतो.

न नेलेल्या मुंडक्यांचा हिशेब याच्या उलट. कारागिराकडे प्राणी असतो आणि पैसे नसतात. पहिल्या वर्षी तो फोन करतो, दुसऱ्या वर्षी पत्र पाठवतो. माणसं का येत नाहीत? काहींची नोकरी जाते, काहींचं घर बदलतं आणि नव्या घरात तेवढी भिंत नसते, काही घटस्फोटात विरघळतात. काहींचा नुसता उत्साह विझतो. त्या पहाटेचा गारठा आणि हातांचा थरकाप वर्षभरात ओसरलेला असतो, आणि कुणाच्या तरी हरणासाठी पन्नास मोजावेत इतकं ते परकं झालेलं असतं. लेखी मुदत उलटली तर काही ठिकाणी कायदा नोटीस देऊन विकायची मुभा देतो. पण सगळ्या प्राण्यांच्या बाबतीत नाही. अमेरिकेत रानात मारलेला स्थलांतरित पक्षी १९१८ च्या कायद्यामुळे विकताच येत नाही, मालक येवो न येवो. मजुरी बुडाली तरी त्या बदकाचं मोल शून्य. आणि विकता येत असलं तरी अनोळखी शिकाऱ्याचं हरीण विकत घेणारा, स्वतः न मारलेलं भिंतीवर लावणारा, शोधावा लागतो. बहुधा एखादं हॉटेल. तिथे सामानाची किंमतही धड निघत नाही.

म्हणून ते दारासमोर राहतं. पाच वर्षांत त्याचे कान सुरकुतले नाहीत, डोळ्याच्या कोपऱ्यात फट पडली नाही, मानेवर टकटक केलं तर भरीव वाजतं. त्या खोलीतलं सगळ्यांत चांगलं काम ते आहे, आणि त्याच्या खाली उभं राहून दर हंगामात नवी माणसं विसार मोजून देतात. कुणी विचारलंच, हे किती जुनं, तर कारागीर बिल्ला उलटा करून तारीख दाखवतो आणि परत सुलटा करतो. ‘बाकी येणे’ची अक्षरं हाताळून पुसट होतात, तेव्हा तो कानामागची पेन्सिल काढून ती गिरवतो. पेन तिथेच मेजावर असतं.